भाणात शिजवलेल्या बादल्या

मी एकदा प्लॅस्टिकच्या फुटक्या बादल्या शिजवून एका विधवा बाईची वर्षाची दारू नासवली. वाक्य वाचून तुम्ही चष्मा पुसाल, म्हणून पुन्हा सांगते. बादल्या खऱ्या, दारू खरी, आणि शिजवणारी मी, इंटर सायन्स पास, वय चोवीस, नाकाचा शेंडा वर. सुरुवात इथूनच केलेली बरी. नाहीतर मी मालवणचा समुद्र आणि बांगड्याचं तिखलं यांचंच वर्णन करत बसेन आणि मुद्द्याची गोष्ट माजघरात लपवून ठेवीन. तशी मी पुष्कळ वर्षं लपवलीच आहे.

बासष्टच्या लढाईनंतरचा उन्हाळा होता. रॉकेल मिळत नव्हतं. मुंबईत रांगा होत्या, आणि कोकणात तर रांग लावायलाही काही येत नव्हतं म्हणे. आमचे हे मुंबईत प्लॅस्टिकच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. बादल्या, मग, आणि नव्यानेच निघालेला तो पारदर्शक पातळ कागद तिथे तयार होई. माझं माहेर सातारचं. मी समुद्र पाहिला तो लग्नानंतर, आणि सासरचं गाव तर पाहिलंच नव्हतं. यांना रजा नव्हती, म्हणून मे महिन्यात सासूबाई मला घेऊन निघाल्या.

बोटीवर

आता तुम्ही मोटारीने नऊ-दहा तासांत मालवणला जाता आणि वाटेत चहा बरा नव्हता म्हणून कुरकुरता. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गेलो. डेकवर वळकटी पसरायची, शेजारच्याच्या ट्रंकेवर पाय लागला तर माफी मागायची, आणि आपलं पोट आपल्याच ताब्यात आहे अशी आशा धरून पडायचं.

सासूबाईंच्या सामानात दोन पोती होती. एकात बादल्यांचे फुटके काठ, मोडके मग, कड्या. दुसऱ्यात त्या पातळ कागदाच्या गुंडाळ्या. कुठे जाड कुठे पातळ निघाल्या म्हणून कारखान्याने टाकून दिलेल्या. कारखान्यात असला माल मागच्या अंगणात जाळत. सासूबाईंना ते ऐकवेना.

"जाळतत कित्याक? गावात कशाक तरी उपयोगी पडतला," त्या म्हणाल्या.

"कशाला?" मी विचारलं.

"तां माका काय म्हायत? पण उपयोगी पडतला."

मी मनात हसले. ज्या बाईला उपयोग सांगता येत नाही तिने पोतं उचलू नये, असं माझं तेव्हाचं शास्त्र होतं. मला उपयोग ठाऊक होता. हे एकदा बोलता बोलता म्हणाले होते, की यंत्र फार तापलं तर प्लॅस्टिकातून धूर निघतो आणि थंड पत्र्यावर त्याचे तेलकट थेंब जमतात. ते एवढं बोलून जेवायला बसले. मी मात्र तेवढ्यावर एक कारखाना उभारला. तापवायचं, वाफ थंड करायची, तेल बाटलीत भरायचं. फक्त भांडं नव्हतं.

रत्नागिरी येईपर्यंत सासूबाईंना उलट्या झाल्या आणि मी त्यांना लिंबू हुंगवत "मनावर ताबा ठेवायचा असतो" असा उपदेश केला. विजयदुर्ग आलं तेव्हा त्या उठून बसल्या होत्या, आणि लिंबू माझ्या नाकाशी होतं.

मालवण बंदर

बोट आत येत नसे. बाहेर नांगरायची, आणि माणसं शिडीवरून खाली पडावात उतरायची. पडाव वर येई तेव्हा पाऊल टाकायचं, खाली जाई तेव्हा नाही. मी नेमकं खाली जाताना टाकलं. खलाशाने दंडाला धरून मला पोत्यासारखं आत घेतलं आणि खऱ्या पोत्यांना माझ्यापेक्षा जपून ठेवलं.

वारा होता. प्रत्येक लाटेला तोंडावर पाणी. मला सुचलं, म्हणून मी दुसऱ्या पोत्यातली एक गुंडाळी ओढून काढली, उलगडली आणि सासूबाईंच्या नि माझ्या डोक्यावरून घेतली. शेजारी सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, टोपली घेऊन एक कोळीण बसली होती. तीही टोपलीसकट आत सरकली. पाणी वरून टपटप वाजत होतं आणि आम्ही तिघी कोरड्या.

"बाय, ह्यां बरां आसा गो," कोळीण म्हणाली. "आत एक थेंब नाय."

"प्लॅस्टिक आहे ते," मी म्हणाले. "यातून तेलसुद्धा निघतं."

तिने एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तेल कित्याक?" एवढंच म्हणाली आणि सुंगटांवरचं फडकं नीट केलं.

हा प्रसंग मी गेली कित्येक वर्षं रात्री कूस बदलताना पुन्हा पाहते. तेव्हा मी फक्त ती गुंडाळी झटकली, घडी केली आणि पोत्यात घातली.

वाडीत

चौक्यापर्यंत एस्टी, पुढे चढाची पायवाट. लाल माती, काजूची झाडं, आणि हवेत पिकल्या बोंडूंचा आंबटगोड दर्प. काजूचं फळ म्हणजे बोंडू. साताऱ्याला आम्ही काजू पाहायचो तो शिऱ्यावर, एकेक, मोजून घातलेला. त्याच्या डोक्यावर एवढं रसाळ फळ असतं हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी मी मीठ लावून इतके बोंडू खाल्ले की संध्याकाळी घसा धरला आणि माझं बोलणं बंद झालं. सासूबाई म्हणाल्या, गावची हवा सुनेला मानवली.

सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेली सुकी मासळी, दुपारी कुळथाची पिठी. आमच्याकडे पेज आजाऱ्याला देतात. इथे शेतावर जाणारा गडी पेज पिऊन जातो आणि आजारी माणूस चहा मागतो.

आमच्या घरामागे जानकीवयनीचं घर होतं. ती यांच्या चुलतभावाची बायको. नवरा तारवावर होता, तो एका फेरीला गेला आणि आला नाही. मूलबाळ नाही. चाळिशीची, काटक, हसली की एक दात तुटलेला दिसायचा आणि तो दिसावा म्हणूनच हसते आहे असं वाटायचं. घराच्या भिंती मातीच्या, छप्पर गवताचं. आत बसलं की जमिनीवर उन्हाचे कवडसे.

"माझ्याकडे दिवसाढवळ्या चांदण्यो दिसतत," ती मला म्हणाली. "मिरग येवच्या आदी बुजवूक होयो."

गवती घर दरवर्षी मिरगाआधी, मृगाचा पाऊस लागायच्या आत, शाकारायचं असतं. साताऱ्याला आम्ही गडी बोलावतो आणि मजुरी देतो. इथली रीत निराळी. वाडीतले बाप्ये आज याच्या छपरावर चढतात, उद्या त्याच्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही. ज्याचं छप्पर, त्याने दुपारी भात, माशाचं कालवण आणि एक-एक बाटली द्यायची. जानकीवयनीच्या घरातून मात्र कुणाच्या छपरावर चढायला माणूस जात नव्हता. तेव्हा तिच्या बाटल्या जास्त लागायच्या आणि त्या चांगल्या लागायच्या. नवरा गेल्यापासून बाटलीच तिच्या बाजूने छपरावर चढत होती.

बाटल्या बोंडूंच्या रसाच्या. त्या वेळी दारूबंदी होती, त्यामुळे वाडीत कुणीही दारू काढत नव्हतं. फक्त वाडीचं मिळून एक भाण होतं. भाण म्हणजे न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं मोठं भांडं. हे भाण घराघरांत पाळीने फिरायचं आणि गंमत अशी की न्हाणीत न जाता वहाळाकडे, ओढ्याकाठी जायचं, झाडीत. गंगारामतात्या त्याची राखण करत. गोणपाटाखाली झाकून डोक्यावरून आणत आणि वाटेत कुणी परका भेटला तर म्हणत, "पावण्यांका न्हाणासाठी." पाहुण्यांनी एवढं न्हाऊन घेतलेली दुसरी वाडी मी पाहिली नाही.

हंगामाची शेवटची पाळी जानकीवयनीची होती. तिने रानभर हिंडून बोंडू गोळा केले होते, पायांनी तुडवून रस काढला होता. रस मडक्यांत आंबत होता. तो आंबला की त्याच दिवशी भाणात चढवावा लागतो. उशीर झाला तर त्याचं व्हिनेगर. आणि झाडांवर आता बोंडू उरले नव्हते.

वहाळाकडे

भाण दुपारी आलं. मी पाहायला गेले आणि जागच्या जागी उभी राहिले. खाली चूल. वर तांब्याचं पोट. तोंडाला मातीने लिंपलेलं झाकण, त्यातून निघालेली तांब्याची नळी, नळी वहाळाच्या गार पाण्यातून खाली बाटलीकडे. मुंबईपासून मी जे भांडं शोधत होते ते पाहुण्यांच्या न्हाणासाठी इथे येऊन बसलं होतं.

"वयनी, रस कधी चढवणार?"

"उद्या फाटफटी. आज अजून फसफसता."

"म्हणजे आज भाण रिकामं आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. तुटका दात दिसला. "तुका न्हावचा आसा?"

मी तिला सगळं सांगितलं. प्लॅस्टिक काय, वाफ काय, तेल काय. डबाभर रॉकेल देईन म्हणाले. गावात दिवे नव्हते. घराघरांत उंडीच्या तेलाची पणती मिणमिणत होती आणि तेही तेल संपत आलं होतं. गंगारामतात्या चिलीम भरत ऐकत होते.

"बादलेचा तेल?" ते म्हणाले. "मगे बादली खंयच्या झाडाक लागता?"

"तात्यानू, ती शिकलली आसा," जानकीवयनी म्हणाली. ती हे थट्टेने म्हणाली नव्हती. तिने थट्टा केली असती तर मी थांबले असते, असं मी स्वतःला सांगत आले आहे. खरं म्हणजे मी तरीही थांबले नसते.

"रसाक काय व्हवचा नाय मां?" तिने मला विचारलं.

"काय होणार? संध्याकाळी भाण घासून स्वच्छ देते."

मग आम्ही दोघी फणसाखाली बसलो. भाणाच्या तोंडातून जावं म्हणून सगळं बारीक करायचं होतं. बादल्यांचे तुकडे तिने कोयत्याने केले. तो कागद आम्ही कातरीने कापला. ती एक टोक धरायची, मी कातर चालवायची. हात दुखेपर्यंत गुंडाळ्यामागून गुंडाळ्या. त्या दुपारची मला आठवते ती तिची बोटं. कागद बोटांत धरून ती उन्हाकडे बघायची, मुठीत चुरगळायची, परत उलगडायची.

"काय मऊ आसा गो. ह्यां कुजता?"

"नाही कुजत."

"उंदीर खातत?"

"त्यांना काय चव लागणार यात?" मी म्हणाले, आणि तिला कार्बन आणि हायड्रोजन समजावू लागले. तिने ऐकलं. नंतर दुसरं टोक धरलं. मी कातर चालवली.

तेल निघालं. हे मला सांगायलाच हवं, कारण माझ्या मूर्खपणाला अपयशाचाही आधार नाही. बराच वेळ नुसता जळक्या मेणबत्तीचा वास येत राहिला, आणि सासूबाई नाकाला पदर लावून उभ्या होत्या. मी लाकडं वाढवा म्हणाले. दारूला एवढा जाळ लागत नाही, तात्या म्हणाले. हे दारू नाही, मी म्हणाले. मग नळीच्या तोंडाशी एक पिवळसर थेंब आला, लोंबला, बाटलीत पडला. त्याच्या मागून दुसरा. जवळजवळ एक बाटली भरली. मी पणतीत थोडं ओतलं, वात लावली, आणि ती पेटली. काळा धूर सोडत, पण पेटली. जानकीवयनीने दोन्ही हात जोडले, पणतीला की मला कोण जाणे. आयुष्यात मी तेवढी उंच पुन्हा कधी झाले नाही.

तेवढ्यात थेंब थांबले. आत तेलाबरोबर मेणही निघत होतं आणि वहाळाच्या गार पाण्यात ते नळीत गोठत होतं. नळी बुजली. वाफेला वाट राहिली नाही. लिंपलेली माती फुटली, झाकण उडालं आणि भाणाच्या तोंडातून आगीची जीभ फणसाच्या फांदीपर्यंत गेली. आम्ही सगळे पळालो. सासूबाई, ज्यांना बोटीवर धरून उठवावं लागलं होतं, त्या सर्वांत पुढे होत्या.

कुणाला भाजलं नाही. संध्याकाळी भाणात पाहिलं तर आतून काळं, चिकट, कोळशासारखं कवच. आम्ही चिंच लावली, राख लावली, वाळू लावली. नळीत काठी घातली, कढत पाणी ओतलं. दिवस बुडेपर्यंत जानकीवयनी भाणात खांद्यापर्यंत हात घालून घासत होती, आणि मी वास गेला का म्हणून हुंगत होते. वास गेला असं मीच सांगितलं. माझं नाक तोवर बधिर झालं होतं.

शाकारणी

रस थांबणार नव्हता. पहाटे तिने तो चढवला. दारू निघाली, पाण्यासारखी स्वच्छ. तिने चाखली नाही. ती घेत नसे.

ठरल्या दिवशी माणसं आली. गवत रचून ठेवलेलं होतं. सासूबाईंनी नि मी भात, बांगड्याचं तिखलं, सोलकढी केली होती. रीत अशी की काम सुरू करण्याआधी वडीलधाऱ्याने एक घोट चाखायचा. गंगारामतात्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि अंगणाच्या कडेला जाऊन थुंकले.

"जानके, ह्यां पिवन माणूस छपरार चढाचो नाय. सरळ वर जायत."

सगळे हसले. मग एकेकाने बोट बुडवून चाखलं आणि हसणं ओसरलं. मीही चाखली. जळकी मेणबत्ती होती, नि तिच्या मागे कुठेतरी बोंडू.

माणसं वाईट नव्हती. जेवली, तिखल्याला बरं म्हणाली. दोघे वर चढले आणि पुढची बाजू थोडी सारखी करून उतरले. बाकीचे म्हणाले, येतो, आमची घरं झाली की येतो. पण मिरग जवळ आला होता आणि प्रत्येकाचंच छप्पर उघडं होतं. ज्याच्याकडे बाटली होती त्याच्याकडे माणसं गेली. जानकीवयनीने त्यांना थांबवलं नाही. उरलेली दारू तिने माडाच्या मुळात ओतली. मला वाटलं, आता ती मला बोलेल. ती म्हणाली, "तुझी बाटली घेतलंस? बोटीत फुटात, कापडात गुंडाळ."

तेलाची बाटली मी गुंडाळून घेतली. पावसाळ्याआधीची शेवटची बोट पकडायची होती, आणि ती आम्ही पकडली. मालवण बंदरातून पडाव निघाला तेव्हा पुन्हा पाणी उडत होतं. या वेळी डोक्यावर धरायला काही नव्हतं. सासूबाई भिजल्या, मी भिजले. बोटीवर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, बोट लागली.

नंतर

त्या बाटलीतलं तेल मी मुंबईत येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. ह्यांनी हुंगलं आणि म्हणाले, निघालं खरं. पुढे ते न्हाणीघरातल्या झुरळांवर संपलं.

गणपतीला गावाहून आलेल्या माणसाने सांगितलं की जानकीवयनीची मागची भिंत श्रावणात बसली. कणगीतलं खायचं भात भिजून तिथेच रुजलं. सासूबाईंनी ऐकलं आणि पोळपाट धुवायला घेतला. तो धुतलेलाच होता.

मी त्या वाटेला काही वर्षं गेले नाही. मुलं लहान आहेत, म्हणायची. साठचं दशक सरता सरता सासूबाई आजारी पडल्या आणि त्यांच्यासोबत जावंच लागलं. मालवणच्या बाजारात रॉकेल मिळत होतं. मी एक डबा भरून घेतला. कबूल केलेला डबा, एवढ्या उशिराने. दुकानाबाहेर त्या प्लॅस्टिकच्या कागदाच्या गुंडाळ्या उभ्या केल्या होत्या, आणि माणसं हातांनी मापून घेत होती. मी विचारलं, हे कशाला? दुकानदाराला माझं हसू आलं असावं. "छपराक," तो म्हणाला. "गवताखाली घालतत. पाणी थेंबभर येना नाय."

चौक्यापासून वर चढताना डबा जड झाला नव्हता, पण मी वाटेत दोनदा बसले.

जानकीवयनी पडवीत सुपात कुळीथ पाखडत होती. भिंत नवी होती. छपराच्या कडेला गवताखालून कागदाची चकचकीत किनार दिसत होती. मी डबा तिच्यापुढे ठेवला. तिने झाकण काढून हुंगलं, मान हलवली, नि झाकण लावलं. मी नुसती वर, त्या किनारीकडे, पाहत राहिले. तिने माझी नजर पाहिली. सूप मांडीवर ठेवलं, तुटका दात दिसेल एवढीच हसली, आणि म्हणाली,

"बाय गो, त्या दिसा फणसाखाली आपण दोघी बसान माझाच छप्पर कातरीत होतव."